काइनाची बाजू

"बाईमानसाचे धंदे करून राह्यला गा तू, भीमसिंग! सकाळच्या पारी फुलं तोडत फिरतं. हार घालाचा हाय का कोणाच्या गळ्यात?"

दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यापलीकडून धाकटा भाऊ भीमसिंग हसला. "कपाशीच्या डोमकळ्या हायेत, भिया. पाकळ्या चिकटल्या का समजाचं, आत गुलाबी अळी बसली. तोडून जाळल्या तं पुढचं बोंड वाचते म्हणतात."

"म्हणतात! म्हणणाऱ्याच्या बापाचं काय जाते?" थोरला धरमसिंग म्हणाला.

हे झालं श्रावणात. दिवाळी सरली, बोंडं फुटली, आणि धुऱ्याच्या अलीकडं धरमसिंगाच्या वावरात कापसाची नुसती कवडी निघाली. पिवळी, किडकी, बोटाला चिकटणारी. पलीकडं धाकट्याचं वावर पाहावं तर बगळ्यांचा थवा उतरल्यासारखं पांढरं. माती एक, बियाणं एका दुकानातलं, पाऊस एकाच ढगातला.

त्या साली मारेगावच्या साऱ्या पट्ट्यात बोंडअळीनं असाच उच्छाद मांडला होता. साऱ्यांचंच गेलं असतं तर धरमसिंग देवाला काही बोलला नसता. भावाचं राहिलं, हे त्याला सलत होतं. एकदा तर त्यानं इकडंतिकडं पाहून धुऱ्यावरून हात घातला आणि भावाच्या झाडाचं कच्चं बोंड फोडलं. आत अळी सापडती तर जिवाला थंडावा भेटता. बोंड निर्मळ निघालं. त्यानं ते पायाखाली मातीत दाबलं.

त्या दिवसापासून त्याची प्रार्थना ओठावरच वाळू लागली. तांड्यात ख्रिस्ती घरं मोजकीच. पण धरमसिंगाचं कीर्तन म्हणजे राजूरपर्यंतची माणसं येत. तो पुढं चिपळ्या घेऊन, आणि भीमसिंग मागं झांज वाजवत प्रत्येक ओळ झेलणारा. कीर्तनात असा गळा लावणारा माणूस घरी बायकोशीही धड बोलेना.

"रातदिस त्या वावराकडं कायले पाह्यता?" बिजलीबाई म्हणायची. "पाहून आपली कवडी का पांढरी होते?"

उपकारस्तुतीचा सण आला. पहिल्या वेचणीचा कापूस ज्यानं त्यानं ख्रिस्ती देवळात वेदीच्या मेजापुढं आणून ठेवायचा, अशी तिथली रीत. बायांनी भीमसिंगाची गठडी उकलून पाहिली. "पाह्य ना वं, दुधाची सायच जशी!" बिजलीबाईनं आपल्या गठडीवर हळूच लुगड्याचा पदर ओढला. ते धरमसिंगानं पाहिलं.

"आज काइन-हाबेलाचं आख्यान लावतो," तो बायकोच्या कानाशी म्हणाला.

"सणाच्या दिशी भावानं भावाचा खून केला ते? अवो, लोकं गोडधोड खाऊन आले हायेत!"

"काइनाच्या बाजूनं आजवरी कोणी बोललं नाई. मी बोलतो."

कीर्तन उभं राहिलं. पेटीवाल्या श्रावणनं सूर धरला.

"काइन कोण होता, लोकहो? शेतकरी! अन् हाबेल? मेंढरं वळणारा. मेंढराले ना अळी लागते, ना फवारा लागते. अन् शेतकऱ्यानं रगत आटवून टोपलं भरून नेलं, तं देवानं हाबेलाचं कोकरू घेतलं, अन् काइनाकडं पाह्यलंच नाई. काहून?"

"बराबर हाय बावा!" म्हातारा लखीराम मांडीवर थाप मारून ओरडला. "शेतकऱ्याकडं कोणीच पाह्यत नाई. ना खालचे, ना वरचे!"

हशा पिकला. पाळकसाहेबांनी गीतांच्या पुस्तकात डोकं घातलं. साऱ्या देवळाला काइनाचा कळवळा आला. भीमसिंगाला तर उधाण चढलं होतं. हा टोमणा आपल्यासाठी आहे, हे त्या भोळ्याच्या गावीही नव्हतं. तो झांजेवर झांज हाणत होता.

धरमसिंगानं पुढची ओळ टाकली, "चल भावा, जाऊ शेता..."

"चल भावा, जाऊ शेता!" मागून भीमसिंगाचा गळा आला. पोरपणापासून पहाटे ज्या गळ्यानं हाक यायची, त्याच गळ्यानं. किती आनंदानं यायला निघालेला!

धरमसिंगाची चिपळी थांबली. पुढं शेतात काय होतं, ते साऱ्यांना ठाऊक.

पेटी सूर देत राहिली. ओळ येईना. भीमसिंगाला वाटलं, भिया विसरला. ओळ पुरवणं झांजवाल्याचं काम, म्हणून खुनानंतरचा देवाचा सवाल तो मागून कुजबुजला, "तुझा भाऊ कुठं हाय?" धरमसिंग हलेना. मग मोठ्या भावाची फजिती नको म्हणून त्यानं स्वतःच देवाची ती ओळ जोरात म्हटली, "तुझा भाऊ कुठं हाय?"

धरमसिंग वळला. झांज धरून घामाघूम झालेल्या भावाकडं पाहत राहिला.

"माह्या मांगंच हाय, देवा," तो म्हणाला. "लोकहो, एक कडवं मी मुद्दाम गाळलं. खून व्हायच्या आधी देव काइनाशी बोलला होता. तू रागावला काहून, म्हणे. पाप दाराशी दबा धरून हाय, त्याले आवर. देवानं त्याच्याकडं पाह्यलं नाई, हे खोटं हाय. पाह्यलं होतं. मी लपवलं." त्यानं भावाचा हात धरला. "लय जळलो गा तुह्यावर. तुह्या कपाशीत अळी पडावी असं वाटलं मले."

  "मले वाटलं, तू ओळ विसरला," भीमसिंग म्हणाला.

बायांमध्ये कोणीतरी रडता रडता हसलं.

धरमसिंगानं चिपळ्या त्याच्या हातात दिल्या. "ते गाळलेलं कडवं तू म्हण. मी मांगं राह्यतो."

"मी? भिया, माह्या गळ्यानं बैल बुजतात!"

"बुजू दे."

भीमसिंग म्हणू लागला. दुसऱ्याच ओळीला त्याचा सूर चाकोरी सोडून ढेकळात शिरला. श्रावण पेटीवर त्याला शोधत राहिला. आणि ज्याचा स्वर आजवर तसूभर ढळला नव्हता, तो धरमसिंग मागं झांज धरून उभा होता, आणि भावाची प्रत्येक ओळ जशी आली तशीच, तितकीच बेसूर, मोकळ्या गळ्यानं झेलत होता.

"दोघंही बिघडले वं," बिजलीबाई शेजारणीला म्हणाली, आणि गठडीवरचा पदर ओढून तिनं डोळे पुसले.