हद्दाच्या कुंपणावरची कीड

इतिमाद गाडीतून उतरली आणि तिला वाटलं, आपण भलत्याच वस्तीत आलो.

वाटेच्या डाव्या अंगाला हद्दाचं निवडुंगाचं कुंपण. तिथं तिनं वसंतात स्वतःच्या हातानं ढालकिडे सोडले होते. काळेभोर, तांबूस डोक्याचे, तिच्या कृषी संशोधन केंद्रातल्या खोलीत वाढवलेले. उजव्या अंगाला हद्दाच्या दिराचं, जिलालीचं कुंपण. तिथं मुद्दाम एकही किडा सोडला नव्हता, कारण तुलनेला काहीतरी हवं. निवडुंग शोषणारी पांढरी कीड रहामना भागात शिरल्यापासून वस्त्याच्या वस्त्या उघड्या पडल्या होत्या. निवडुंग उपटून खड्ड्यात पुरायचा, एवढाच उपाय लोकांना माहीत होता. ढालकिडे ती कीड खातात, हे इतिमादला इथं दाखवून द्यायचं होतं.

म्हणजे डावीकडे हिरवं दिसायला हवं होतं आणि उजवीकडे मेलेलं. दिसत होतं नेमकं उलटं.

हद्दाच्या कुंपणावर कापूस पिंजून फेकावा तशी कीड पसरली होती. इतिमादनं एक पुंजका चिरडला. किडीच्या रसानं बोट लालभडक झालं. फडं वाळून लोंबत होती. ढालकिडा औषधालाही नव्हता. आणि पलीकडे जिलालीचा निवडुंग नवी फडं काढून बसला होता.

"लल्ला हद्दा, कुणी औषध मारलं का इथं?" इतिमादनं दारात आलेल्या हद्दाला अदबीनं विचारलं.

"वल्लाह, थेंबसुद्धा नाही." हद्दा साठीची, विधवा, आवाज खणखणीत. "तूच म्हणालीस ना, फवारायचं नाही म्हणून? तुझे ते काळे किडे होते थोडे दिवस. मग गेले निघून. तुझ्यासारखेच, शहराकडे."

इतिमाद हसली नाही. किडे उडून पलीकडे गेले म्हणावं, तर इथं एवढं खाणं सोडून ते तिकडे का जातील? की आपणच भलत्या कुंपणावर सोडले? तिनं मोबाइलमधले फोटो काढून पाहिले. फोटोत हद्दाच होती, झगा खोचून, मागं तिचंच दार. ती वाट ओलांडून जिलालीकडे गेली.

"सी जिलाली, तुम्ही काय केलंत?"

"मी?" जिलाली भिंतीच्या सावलीत बसला होता. "काही नाही. बिस्मिल्ला म्हटलं आणि गप्प बसलो. तुम्ही शिकलेली माणसं गप्प बसत नाही, म्हणून तुमचं वाळतं."

इतिमादनं त्याच्या कुंपणातली फडं उलटसुलट करून पाहिली आणि तिचं डोकंच चालेना. तिचे काळे किडे तिथं होते. नुसते किडे नाहीत, त्यांची पिल्लंही होती. अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या, फडांवरून तुरुतुरु पळणारी. किडा उडून येईल एखादवेळ. पण पिल्लाला पंख नसतात. एवढी मोठी झालेली पिल्लं वाट ओलांडून आली कशी?

तिनं दोन-तीन पिल्लं तळहातावर घेतली आणि हद्दाला दाखवायला नेली.

"ही बघा. माझी पोरं. पलीकडे सापडली."

हद्दा चहा ओतत होती. तिचा हात तसाच थांबला, चहा पेल्याबाहेर तबकात सांडायला लागला.

"ही कीड आहे," ती म्हणाली.

"कीड नाही. ढालकिड्याची पिल्लं. दिसतात किडीसारखीच, पण कीड जागची हलत नाही आणि ही पळतात. हीच तर जास्त खातात."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

इतिमादला आठवेना. तिनं मोठे किडे दाखवले होते, ते नक्की. पिल्लांविषयी बोललो होतो की नाही?

हद्दानं चहाची किटली खाली ठेवली. "मला वाटलं, तुझ्या किड्यांमुळे नवीन कीड आली. मोठी, झिपरी, पाय फुटलेली. रोज सकाळी निवडुंगाची हिंदिया फळं तोडायच्या चिमट्यानं वेचत होते."

"वेचून काय केलंत? मारलीत?"

हद्दा तबकात सांडलेला चहा फडक्यानं पुसायला लागली.

"लल्ला हद्दा?"

"टोपलीत भरून जिलालीच्या कुंपणात टाकली." तिनं मान वर केली. "गावभर सांगत होता, वहिनीच्या निवडुंगामुळे माझा मरतोय म्हणून. म्हटलं, घे मग. खरंच देते."

इतिमादला हसावं की डोकं धरून बसावं ते कळेना. तिचा प्रयोग मातीत गेला होता. आणि ढालकिडे काम करतात, हेही सिद्ध झालं होतं. हे केंद्रात कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं तिथूनच साहेबांना फोन लावला.

"किडे कुठल्या बाजूला सोडले होते?" साहेबांनी विचारलं.

"एका बाजूला मी सोडले, सर. दुसऱ्या बाजूला हद्दांनी."

"हद्दा कुठल्या विभागात आहेत?"

"कळवते, सर," म्हणून तिनं फोन ठेवला.

आता किडे परत आणणं भाग होतं. म्हणजे जिलालीकडे जाऊन मागायचे. हद्दा दारापर्यंत दोनदा गेली, परत आली. शेवटी इतिमादच्या मागं मागं वाट ओलांडून गेली.

"तुझ्या कुंपणातले थोडे किडे हवेत," तिनं जमिनीकडे बघत सांगितलं. "कुठले, ते ही दाखवेल."

"ने की," जिलाली म्हणाला. "तूच आणून टाकलेस."

हद्दानं चमकून पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"रोज सकाळी तू टोपली घेऊन येतेस, माझ्या कुंपणात कीड ओततेस आणि ताठ मानेनं परत जातेस. मी काय आंधळा आहे?"

"मग ओरडला का नाहीस? तुझ्या दृष्टीनं मी तुझा निवडुंग मारत होते!"

जिलालीनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "मला वाटलं, भाऊ गेल्यापासून तुझं डोकं ठिकाणावर नाही. निवडुंग परत लावता येतो, वहिनी. भावाच्या बायकोला वेडी म्हणून चारचौघांत कसं ओरडायचं?"

वेडी म्हटलं म्हणून भांडावं, की इतके दिवस तो गप्प बसला म्हणून रडावं? हद्दानं दोन्ही केलं, एकाच वेळी, आणि जिलाली घाबरून उठून उभा राहिला.

दुपारभर तिघांनी पिल्लांनी भरलेली फडं कापून पलीकडे नेली आणि हद्दाच्या कुंपणात खोचली. पावसाळा लागेपर्यंत तिथं नवी हिरवी फडं फुटली, सगळीकडे नाहीत, पण बरीच. इतिमादच्या अहवालाला केंद्रानं प्रयोग मानलं नाही. पुन्हा करा, म्हणाले, दुसऱ्या वस्तीत. ती गेली. या खेपेला तिनं आधी बायकांना गोळा करून पिल्लं दाखवली, आणि त्यातल्या एकीनं लगेच विचारलं, "बाई, पण ही आणि ती वेगळी कशी ओळखायची?"