उतार पडला

"आगं, एक घोट घे. बडीशेप घातलीया." बिराप्पानं राहीबाईच्या तोंडाला वाटी लावली. साळीच्या लाह्यांचं पाणी दोन घोट आत गेलं. ती भिंतीला टेकली, आणि त्यानं घमेलं पुढं सरकवायच्या आत सगळं उलटून पडलं.

"ऱ्हाऊ द्या आता," ती धापा टाकत म्हणाली. "तुमच्या हाताचा दोष न्हाई. माज्या पोटानंच दावा मांडलाय."

बिराप्पाची उभी हयात लष्कराच्या लंगरात रांधण्यात गेली. बर्फात गारठलेल्या पलटणीला त्यानं गरम जेवण घातलं होतं. आता आटपाडीच्या घरात बायकोच्या पोटात चमचाभर पाणी टिकवणं त्याला जमत नव्हतं. मिरजेला जाऊन केमो घेऊन आलं की राहीबाईचे पुढचे कितीतरी दिवस असेच जायचे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी थोडं थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं.

उपाय सांगणाऱ्यांना मात्र तोटा नव्हता. शेजारची राणी वेलदोड्याची साल जाळून मधातनं द्यायला सांगून गेली. चुलतभाऊ जोतिबा दारातूनच म्हणाला, "लिंबू चोखाया द्या, दादा," आणि चपला न काढताच परतला. पुण्याची लेक शिवांजली रोज मोबाइलवर नवा व्हिडिओ धाडायची. खाली लिहिलेलं असायचं, 'आबा, आजच करा.' घमेल्याला मात्र बिराप्पाशिवाय कुणाचा हात लागला नव्हता.

त्या रविवारी शिवांजली स्वतःच आली. आल्याच्या वड्या, आवळ्याचं सरबत, हुंगायला कसलंसं तेल, पिशवी भरून आणलं होतं तिनं. राहीबाईच्या तोंडावर रंग आला. उरलेसुरले केस तिनं पदराखाली सारले आणि बळंबळं उठून बसली.

"आई, ही वडी चघळ. लगेच गिळू नको."

लेकीकडं टक लावून बघत राहीबाईनं वडी तोंडात धरली. बिराप्पा आत भाकरी थापत होता. तेवढ्यात उबळ आली. घमेलं लांब होतं. सगळं शिवांजलीच्या मांडीवर पडलं.

"ई!" शिवांजली ताडकन उठली, नाकाला ओढणी लावून मोरीकडं पळाली.

बिराप्पा पिठाच्या हातांनीच बाहेर आला. राहीबाई होती तशीच वाकून राहिली. "तिला साबण द्या आवं," ती पुटपुटली. "नवा दिसतोय ड्रेस."

बिराप्पाला मागचं आठवलं. शिवांजलीला दिवस गेले होते, तेव्हा ओकाऱ्यांनी पोर निपचित पडली होती. दारची शेरडं जावेवर टाकून राहीबाई पुण्याला गेली, ती लेक बाळंत होईपर्यंत तिथंच राहिली. पोरीची ओकारी तिनं ओंजळीत झेललेली भेटीला गेलेल्या बिराप्पानं पाहिली होती; घरी आल्यावर तिनं मात्र त्याची गोष्टसुद्धा काढली नव्हती.

तो मोरीपाशी गेला. "दोन दिस ऱ्हा की, पोरी. तिला बरं वाटंल."

"राहिले असते, आबा. पण पोरांच्या शाळा आहेत. आणि तो वास... माझंच पोट ढवळतं हो." ती ओली ओढणी पिळत राहिली. "वड्या ठेवल्यात. न चुकता द्या. नक्की फरक पडेल."

दुपारच्या गाडीनं ती गेली. भाकरी झाकलेलीच राहिली.

संध्याकाळी तिचा फोन आला. राहीबाई नुकतीच ओकून पडली होती, अंग लटलटत होतं. तरी तिनं हात पुढं केला, तोंड पुसलं, घसा खाकरला.

"व्हय गं, लय उतार पडला. तुज्या वडीनंच पडला. वाटीभर पेज प्याले."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? दे आबांना."

बिराप्पानं फोन घेतला. कुठली पेज, कसला उतार, सगळं ओठांवर आलं होतं. राहीबाईनं त्याचं मनगट धरलं. बोटांत जोर नव्हता, तरी ती पकड त्याला सोडवेना.

"आबा, देताय ना वड्या?"

"देतो," तो म्हणाला.

फोन बंद झाला. "तिच्या जिवाला घोर लागला असता," राहीबाई म्हणाली.

"लागला असता?" बिराप्पानं विचारलं.

तिनं भिंतीकडं तोंड केलं. थोड्या वेळानं पुन्हा उबळ येऊन पाठ ताठरली, तशी ती घाईघाईनं म्हणाली, "दार लोटा आदी. राणीला आवाज जाईल. लेकीच्या औषदानं बरं वाटलं म्हणून सांगितलंय मी तिला."

बिराप्पानं दार लोटून घेतलं, आणि तिचं कपाळ तळव्यात धरलं.