मोठ्या नोटा

परक्यांच्या सरकारने जुनी चांदीची नाणी रद्द केली, तेव्हा ती खजिन्यात बदलून घ्यायला मुदत दिली होती. पण हुकूम होता त्यांच्या भाषेत. पेठेतल्या सराफाने तो वाचला, मुदत संपली म्हणून सगळ्यांना सांगितलं आणि ती नाणी निम्म्या भावात उचलली. स्वतः खजिन्यातून पुरेपूर वसूल केली.

त्याच पेठेतल्या इस्त्रीवालीचा नवरा लोहार. स्वतःची भट्टी घालायची म्हणून त्याने पै पै साठवली होती, ती सगळी नाणी सराफाकडे निम्म्यात गेली. खरं कळलं तेव्हा त्याने अंथरूण धरलं, ते काही सोडलं नाही.

त्याच्यामागे तिने खजिन्याच्या साहेबाच्या बंगल्यावर काम धरलं. जेवणघराच्या खिडकीखाली इस्त्री करता करता ती साहेबाची भाषा शिकली. साहेबाला त्याचा पत्ताही नव्हता. सराफाला मात्र वास लागला. तो तिला वहिनी म्हणायला लागला, आडून आडून बातम्या विचारायला लागला. ती देत गेली, आणि प्रत्येक बातमी खरी निघाली. त्याने त्यावर माडी चढवली. तिने दात ओठ खाऊन वर्षं काढली.

एके दुपारी साहेब पाहुण्याला म्हणाला की मोठ्या नोटा रद्द होणार, आणि पैसा कुठून आला हे दाखवल्याशिवाय एकही बदलून मिळणार नाही. तिने हातातला सदरा नीट घडी घालून ठेवला आणि संध्याकाळी सराफाच्या पेढीवर गेली.

"चांदीचा व्यवहार बंद होणार, भाऊ," ती म्हणाली. "मोठ्या नोटा तेवढ्या राहतील."

त्याने बायकोच्या पैंजणांसकट सगळी चांदी मोडली आणि नोटा घेतल्या. पुढच्याच आठवड्यात हुकूम निघाला. सराफ ट्रंक घेऊन खजिन्यात गेला. एवढा पैसा आला कुठून, हे दाखवायला त्याच्याकडे एकही कागद नव्हता. ट्रंक तिथेच जप्त झाली.

पेठ म्हणाली, नशीब फिरलं. ते तिला सोसेना. नशिबाला कशाला श्रेय? ती त्याच्या घरी गेली. तो घराखालच्या रिकाम्या पेढीवर बसला होता, बायको दारात उभी होती.

"तुम्हाला वाटतं माझी ऐकण्यात चूक झाली," ती म्हणाली. "चूक नाही झाली. मी जाणूनबुजून उलटं सांगितलं."

तो हात उगारून उठला. बायकोने तो मधेच धरला.

"लोहाराला त्याच्या नाण्यांचे किती दिले होते तुम्ही?" तिने नवऱ्याला विचारलं.

त्याने हात सोडवून घेतला आणि तो पुन्हा खाली बसला. इस्त्रीवाली उत्तरासाठी थांबली. उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही म्हणून तिथेच उंबऱ्यावर बसली.