दाव्याला ताण देणारा बैल

तुळजापूरची वैदेही शाळेत चित्रकला शिकवायची, आणि कुणी सांगितलं तर जनावरांची चित्रंही काढून द्यायची. लोहाऱ्याकडच्या बलभीमनं मोबाइलवर आपल्या देवणी जातीच्या बैलाचा फोटो पाठवला, तेव्हा तिनं तीन आठवडे खपून चित्र केलं. रंगवलेली शिंगं, पाठीवरची झूल, अंगावरचे काळे डाग, सगळं हुबेहूब.

चित्र न्यायला आलेला बलभीम बराच वेळ नुसता बघत राहिला.

"बाई, बैल ह्योच हाय. पण ह्येनं कायबी केलंय असं दिसंना."

"म्हणजे?"

"ह्येनं माझा रणधीर मारलाय."

चित्र बांधायला घेतलेला सुतळीचा गुंडा वैदेहीनं खाली ठेवला.

गेल्या पोळ्याला मिरवणुकीत फटाक्यांची माळ उडाली. बैल बुजला, आणि दावं धरून चाललेला त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा रणधीर शिंगावर गेला. माळ गल्लीतल्या पोरांनी लावली म्हणून बलभीमनं त्यांच्याशी बोलणं तोडलं. रणधीरची आई कमलबाई तेव्हापासून गोठ्याकडं फिरकली नव्हती. महिनाअखेरीला गोशाळेचा टेंपो बैल न्यायला येणार होता.

"रणधीरची आई म्हणती, जायच्या आधी एकदा बघायचाय," बलभीम म्हणाला. "पर म्होरं उभं ऱ्हायचा धीर न्हाय. म्हणून चित्र."

रविवारी वैदेही त्याच्या शेतावर गेली. माजलेलं जनावर असेल असं तिला वाटलं होतं. पण तिची चाहूल लागताच बैल मागं सरला, दाव्याला ताण बसून वेसण नाकात रुतली तरी मागंच. बलभीम वैरण घेऊन गेला, तरी तेच.

"कुणालाच जवळ येऊ देत न्हाय," तो म्हणाला. "मारत न्हाय. नुसता मागं सरतो."

वैदेहीनं नवीन चित्र काढलं. त्यात शिंगं अंधारात बुडाली, डाग कुठले कुठं गेले. उरलं ते ताणलेलं दावं, मागं रेललेलं अंग आणि फाटलेले डोळे.

ते घेऊन ती स्वतःच त्यांच्या घरी गेली. कमलबाईनं पदर सावरून चित्राकडं पाहिलं.

"ह्यो भ्यालाय," ती म्हणाली.

"व्हय. त्या पोरांनी माळ लावली तवा…" दारात उभा बलभीम म्हणाला.

"पोरांनी न्हाय, अवो. म्या लावली. आपला बैल पहिल्यांदाच मानाला म्होरं होता, म्हणून हौसेनं लावली."

चौकटीवर ठेवलेला बलभीमचा हात तिथंच राहिला.

"म्हणलं, तेचे डोळे बघून राग आला की माझ्या दोषातनं सुटीन म्या," कमलबाई म्हणाली. "तर ह्ये असं."

बलभीमनं मोबाइल काढला आणि गोशाळेला सांगितलं, "टेंपो पाठवू नगा." बायकोकडं मात्र त्यानं पाहिलं नाही.

चहा ठेवते म्हणून कमलबाई उठली, आणि चुलीपाशी जाऊन नुसतीच उभी राहिली. वैदेही चहा न घेताच निघाली. लोहाऱ्याच्या स्टँडवर जीपमधून उतरून ती तुळजापूरच्या गाडीत बसली.