तुतीची काळी बिअर

ही गोष्ट २०२२ च्या डिसेंबरातली. इथे ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला, उन्हाळा नुकता लागला होता.

आमचे हे, म्हणजे नरेंद्र, आणि आमचा एकुलता एक मुलगा श्रेयस, यांचे बोलणे बंद होऊन तीन वर्षे झाली होती. श्रेयस इथेच, ॲडलेडच्या मॉसन लेक्स उपनगरात शिकला, नोकरीला लागला, त्याने आम्हाला बोलावून घेतले आणि मग नोकरी सोडून तो बिअर करायला लागला. ह्यांचे थोरले भाऊ, नंदूभाऊजी, दारूने गेले होते. पिंपरीच्या गुत्त्यातून त्यांना उचलून आणायचे काम ह्यांचेच असे. मी तेव्हा नवी नवरी होते, दार मीच उघडायची. त्यामुळे ह्यांना काही समजवायला माझी जीभ उचलत नसे.

ऑक्टोबरात ह्यांच्या अन्ननलिकेत कॅन्सर निघाला. पसरलेला. घास उतरत नव्हता, पुढे पाणीही अडायला लागले.

"श्रेयसला सांगायचं नाही," हे म्हणाले. "त्याचा पब उघडू दे आधी. नाहीतर सगळं सोडून इथे येऊन बसेल, आणि बुडाला की माझ्या नावाने बोटं मोडेल."

मी कबूल केले.

पब उघडायच्या दिवशी दुपारी हे स्वतः शर्टाला इस्त्री करून तयार. पँट घसरू नये म्हणून पट्ट्याला नवे भोक पाडलेले.

"निघालात कुठे?"

"मुलाच्या दुकानात. तू येणार नसशील तर टॅक्सी करतो."

पबमध्ये काउंटरवर एक पीप आडवे ठेवले होते. श्रेयसने लाकडी हातोडीने त्यात तोटी ठोकली, फेस उडाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमची सून सुखदा आम्हाला बघून धावत आली.

"बाबा! केवढे वाळलात!"

"डाएट," हे म्हणाले.

श्रेयस हात पुसत आला. "आई, ह्यांना खरंच आणलंस, की रस्ता चुकलात?"

"काय केलंयस ते दाखव," हे म्हणाले. तीन वर्षांतले पहिले वाक्य.

श्रेयसने तोटीखाली ग्लास धरला. काळीभोर बिअर. तो तिला एल म्हणायचा, बिअरचाच एक प्रकार. "गॅस नाही, थेट पिपातली. तुती आपल्या घरामागच्या झाडाची, आईने डबे भरून दिलेली."

"म्हणजे तुझाही हात आहे यात," हे मला म्हणाले.

"एक घोट घ्या, बाबा. वाईट असेल तर वाईट म्हणा. पण काहीतरी म्हणा." तो हसत होता, पण काउंटर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

आमच्या घरात पानात टाकायची पद्धत नाही. खारट आमटी असो, कडू कारले असो, पान स्वच्छ झाल्याशिवाय ह्यांनी श्रेयसला कधी उठू दिले नाही. मी हळूच म्हटले, "नुसते ओठ लावा." ह्यांनी ऐकले नाही. मोठा घोट घेतला, डोळे मिटून तोंडात घोळवला, आणि गिळायला गेले.

घोट परत आला. शर्टावर, काउंटरवर, सगळीकडे काळा फेस. मागून कोणीतरी हसले, "टू स्ट्राँग, मेट?"

श्रेयसचा चेहरा पांढरा पडला. "थुंकायलाच आला होतात का, बाबा? एवढ्या लोकांत?"

ह्यांना ठसक्यामुळे बोलता येईना. माझे मनगट दाबून धरले, बोलू नकोस म्हणून. मी बोलले.

"त्यांना गिळता येत नाही रे. अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. पाणीसुद्धा उतरत नाही."

"कधीपासून?"

"ऑक्टोबर."

हे रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "चव लागली मला, श्रेयस. चांगली झालीय."

त्याने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. माझ्याकडेच बघत होता. "तू रोज फोन करतेस. बाबा कसे आहेत विचारलं की म्हणतेस, मजेत. रोज, आई."

आणि तो पिपे ठेवायच्या आतल्या थंड खोलीत निघून गेला. सुखदा त्याच्यामागे गेली. ग्लास अजून बराच भरलेला होता. टाकवेना, म्हणून मी प्यायले. आयुष्यात पहिल्यांदा. बिअर बर्फासारखी गार नव्हती, माठातल्या पाण्याइतकीच. आधी करपलेल्या गुळाची चव आली, मग कॉफीचा कडवटपणा, आणि सगळे घशाखाली उतरल्यावर जिभेवर तुती, आंबट. खरेच चांगली होती.

हे मार्चमध्ये गेले. श्रेयस रोज हॉस्पिटलात यायचा, पाय चेपायचा, नर्सशी बोलायचा. ह्यांचा आवाज तोवर गेला होता, आणि त्यानेही औषधांपलीकडे काही विषय काढला नाही. पब दुसऱ्या हिवाळ्यात बंद पडला. सुखदाला दूर उत्तरेला डार्विनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून दोघे तिकडे गेले. श्रेयस एका गॅस कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. मी मॉसन लेक्सलाच आहे. रविवारी फोन येतो तो सुखदाचा. मागे टीव्हीवर क्रिकेट चालू असते, त्यावरून तो घरात आहे एवढे कळते.