गॅसवाल्या बाई

जीपमधून उतरताच सत्यशीलाने गॅस एजन्सीची फाईल पिशवीतून वर काढली आणि औषधाच्या तीन बाटल्या तळाशी दाबल्या. बाटल्या वाजू नयेत म्हणून त्या टॉवेलात गुंडाळलेल्या होत्या. फाट्यावरच्या बायांनी फाईल लांबूनच ओळखली.

"गॅसवाल्या बाई आल्या!" छबूबाई हात पुसत पुढे आली. "बाई, आमची सबसिडी दोन म्हैने झालं जमा न्हाई. जरा बघा की."

सत्यशीलाने कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. ती गॅस एजन्सीची नव्हतीच. एचआयव्हीची औषधं मध्येच सोडलेल्या माणसांना शोधायचं आणि पुन्हा गोळ्यांवर आणायचं, हे तिचं काम. सरकारी केंद्रातली कंत्राटी नोकरी. दर मार्चला करार वाढेपर्यंत जीव टांगणीला. केंद्राचं नाव सांगून कुणाच्या दारात उभं राहावं, तर संध्याकाळपर्यंत त्या घराचा गावभर बोभाटा. म्हणून दोन वर्षांपूर्वी तिने हे गॅसचं सोंग काढलं. ते इतकं वठलं की आता तिला खरोखरच एजन्सीला फोन करून लोकांची कामं मार्गी लावावी लागत.

पण आज सवड नव्हती. पाराजवळ ऊसतोडीची टोळी निघायच्या तयारीत होती. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या, त्यांत भांडी, बोचकी, कोंबड्यांची डालगी चढत होती. बिभीषण त्याच गाडीने जाणार होता. दोन महिने तो गोळ्या न्यायला आला नव्हता आणि फोन बंद. आता हुकला, तर सहा महिने हाती लागायचा नाही, आणि तेवढे महिने त्याच्या अंगाला झेपतील याची खात्री नव्हती. त्याच्या बायकोच्या वेळी असाच उशीर झाला होता. ती काविळीने गेली असं गाव म्हणत होतं. केंद्राच्या रजिस्टरात खरं काय ते लिहिलेलं होतं. केंद्राच्या भिंतीवर फलक होता, २०३० पर्यंत ही साथ संपवायची. बिभीषणची गाडी दुपारी सुटणार होती.

"बिभीषण कुठे आहेत?" तिने विचारलं. "त्यांचं केवायसी राहिलंय."

छबूबाईने उघडलेलं गॅसचं पुस्तक मिटलं.

"मग आदी त्याचंच बघा. घरीच हाय त्यो. आमचं काय, हुईल सावकाश."

एरवी हात धरून बसवणाऱ्या बाया मुकाट बाजूला झाल्या. सत्यशीलाला जरा नवल वाटलं, पण ती तशीच झपाझप पुढे गेली.

बिभीषणची आई, रंगुबाई, ओट्यावर जुन्या लुगड्यात भांडी बांधत होती. सून गेल्यापासून फडात लेकाच्या जोडीला तीच जायची. तो ऊस तोडायचा आणि साठीतली रंगुबाई मोळ्या बांधायची. बिभीषण दारातच उभा होता. त्याच्या गालाची हाडं वर आली होती.

"तुमी कशाला आला, बाई? जावा परत."

"गोळ्या का सोडल्या?" सत्यशीलाने आवाज खाली आणून विचारलं.

"बारा जोडप्यांच्या पाचटाच्या कोपी एका जागी. कोपीला दार न्हाई की कडी न्हाई. रोज गोळी काढायची म्हंजे कुनाच्या तरी नजरंला पडनारच. मागल्या साली मुकादमानं इचारलं, कसली गोळी? शुगरची म्हनलं. कुठवर खपायचं ते? कळलं तर टोळीतनं काढतील. मग ह्या म्हातारीनं अन् मी खायचं काय?"

"आणि अंथरूण धरल्यावर काय खाल? औषध सरकार जन्मभर फुकट देतंय, बिभीषण."

"सरकार देतंय ओ. पन ते खायला आडोसा कोन देनार?"

तिला त्याचा राग आला. त्याच्या खांद्याची हाडं पाहून रागापेक्षा भीतीच जास्त वाटली. तीन महिन्यांचं औषध आणि कारखान्याजवळच्या केंद्रासाठी पत्र मिळवताना तिने सकाळी डॉक्टरांचं डोकं खाल्लं होतं. ते फोनवर त्याच्याशी बोलायला थांबले होते, आणि तिकडे ट्रॅक्टर भरत आला होता.

"आत चला," ती म्हणाली. "शेगडी तपासतोय म्हणून सांगू."

दोन वर्षांत ती ओट्याच्या पुढे कधी गेली नव्हती. आत खोली रिकामी झाली होती. कोपऱ्यात चूल, चुलीशेजारी शेण्या आणि तुऱ्हाट्या. सत्यशीलाने सगळीकडे पाहिलं.

"आजी, शेगडी बांधली का?"

"शेगडी हुती कवा?" रंगुबाई बाहेरून गाठ आवळत म्हणाली. "आमच्यात गॅस आलाच न्हाई, बाई."

"गावाला माहीत आहे हे?"

"न ठावं असायला काय झालं? जळान छबूच्या बांधावरनंच आनते मी."

"मी सांगत हुतो की," बिभीषण घाईने म्हणाला, "नवा गॅस मंजूर व्हायचाय म्हनून."

"दोन वर्सं?" रंगुबाईने विचारलं.

सत्यशीलाचे कान तापले. ज्या घरात गॅस नाही, त्याच घरी ती दोन वर्षं गॅसच्या नावाने येत होती. गावाला याहून उघड काय सांगायचं राहिलं होतं? झाकायला म्हणून आलेली ती स्वतःच या घराकडे बोट दाखवत आली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात मुकादम कानिफनाथची हाक आली.

"बाई, बिभीषनच्या गॅसचं व्हऊ द्या निवांत! ते झाल्याबिगर गाडी हलवत न्हाई मी!"

पाराजवळ कुणी हसलं नाही.

बिभीषणने दारातून पाराकडे पाहिलं; मुकादमालाही ठाऊक होतं, आणि तरी गाडी त्याच्यासाठी थांबली होती. मग त्याने गोळ्यांसाठी हात पुढे केला. सत्यशीलाने आधी डॉक्टरांना फोन लावून दिला. तो "व्हय", "न्हाई", "खोकला न्हाई" एवढंच बोलला. डॉक्टर हो म्हणाल्यावर रंगुबाईने तांब्या आणून ठेवला आणि त्याने गोळी घेतली. पत्र आणि बाटल्या भांड्यांत ठेवताना म्हातारीने टॉवेल सोडून सत्यशीलाच्या हातात परत दिला. बोचकं उचललं तेव्हा त्या चांगल्या खळखळल्या.

"झालं का गॅसचं?" कानिफनाथने विचारलं.

"झालं," बिभीषण म्हणाला आणि ट्रॉलीत चढला.

ट्रॅक्टर फाट्यावर वळेपर्यंत सत्यशीला पाहत राहिली. आज झालं, उद्याची गोळी, परवाची गोळी? तिचा जीव अजून थाऱ्यावर नव्हता. टॉवेलाची घडी करून तिने तो पिशवीत कोंबला.

शेजारी छबूबाई पुस्तक घेऊन उभी होती.

"आता माझं बघा, बाई," ती म्हणाली. "माझ्याकडं खरंच गॅस हाय."