सुनेची परवानगी

रांग काही हलेना. विमानाचं दार बंद व्हायला चाळीस मिनिटं उरलेली, आणि आजींच्या कडेवर सात महिन्यांचा गब्बू नुसता वळवळत होता. कधी चष्मा ओढी, कधी पुढच्या माणसाच्या कॉलरला हात घाली. खांद्यावर दुपट्यांची पिशवी, हातात दोघांचे पासपोर्ट नि कागदांची फाईल. आजी या पायावरून त्या पायावर होत होत्या.

मुलगा-सून परदेशात नोकरीला. बाळंतपणाला आलेली सून रजा संपताच परत गेली, तेव्हा गब्बू तीन महिन्यांचा होता. तेव्हापासून त्याचं सगळं आजींनीच काढलं. आता तिकडे पाळणाघरात जागा मिळाली, म्हणून त्याला पोचवायला त्या निघाल्या होत्या.

पासपोर्ट तपासणारा अधिकारी पोरगेलासाच होता. त्याने फोटोतलं बाळ पाहिलं, कडेवरचं पाहिलं, मग वकिलाचा शिक्का मारलेलं पत्र उलटंपालटं केलं.

"आजी, ही वडिलांची परवानगी. आईची कुठंय?"

आईचीही होती. महिन्यापूर्वीच सुनेने धाडली होती. आजींनी ती अक्षराला अक्षर लावून वाचली : माझ्या सासूबाईंना माझ्या मुलास घेऊन प्रवास करण्याची मी परवानगी देते. वाचून अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्या घरात कोणी कधी जायचं नि कधी यायचं ते आजवर त्यांनी ठरवलं, तिथे कालची आलेली पोर त्यांना परवानगी देणार! मुलाच्या पत्रातही तेच शब्द होते म्हणा, पण ते काही टोचले नाहीत. बापाची सही पुरे झाली, असं म्हणून त्यांनी सुनेचा कागद कपाटात साड्यांखाली सारला होता.

"तो कागद घरी राहिला," आजी म्हणाल्या.

त्याशिवाय बाळाला सोडता येणार नाही, असं अधिकाऱ्याने सांगितलं. मात्र त्याच्या आईकडे नक्कल असेल तर फोटो मागवा, मी तिच्याशी बोलतो, एवढी वाट त्याने मोकळी ठेवली. आजींनी फोन लावला. बटणांवर बोट दोनदा चुकलं. तोवर गब्बूने फाईलचा कोपरा तोंडात घातला होता.

सून कामावर निघतच होती. कागद गडबडीत राहिल्याचं आजींनी तिलाही सांगितलं.

"आई, तुम्ही दाराचं कुलूप तीनदा ओढून बघता. तुमचा कागद राहील?"

भिंतीवरचा काटा सरकला. मागची रांग खाकरायला लागली.

"राहिला नाही. ठेवून आले," आजींनी सांगून टाकलं. "मला परवानगी देणारी तू कोण?"

अधिकाऱ्याने मान खाली घालून उगीचच शिक्का पुसला.

"त्याची आई," सून म्हणाली. आवाज चढवून नाही, साधंच.

लाउडस्पीकरवर त्यांच्या विमानाचा पुकारा झाला.

"बरं बाई. मग दे आता परवानगी."

"अशी? कपाटातला चहाचा डबा दे, तशी?"

"चारचौघांत वदवून घेतेस?"

"तुमच्याच हाताखाली शिकले."

आजींनी दात आवळले. गब्बूला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "तुझ्या मुलाला घेऊन येऊ का?"

"या, आई. लवकर या. चार महिने झाले हो."

कागदाचा फोटो आला. अधिकाऱ्याने सुनेला चार प्रश्न विचारले, फोटोतली सही पडताळली, वर एकदा साहेबांना दाखवून आणलं आणि शिक्के मारले. "पळा आजी," म्हणाला.

या वयात पळा म्हणे. पण आजी पळाल्या. पिशवी पाठीवर आपटत होती, साडी पायांत येत होती, आणि कोणी उचलून धावतंय म्हटल्यावर गब्बूने भोकाड पसरलं. अर्ध्या वाटेत त्यांच्या ध्यानात आलं, फोन तसाच चालू आहे. सून काही बोलत नव्हती, नुसती ऐकत होती.

"रडतोय दणकून. तुझ्यावरच गेलाय," आजी धापा टाकत म्हणाल्या. फोन त्यांनी पोराच्या तोंडाशी धरला आणि दाराकडे पावलं आणखी झपाझप टाकली.